चर्चच्या आतलं जुनं रूप परत आणायचं असेल तर: पॅरिशच्या बांधकाम समितीसाठी

वसई, मुंबई, गोवा या पट्ट्यातल्या कितीतरी कॅथलिक चर्चमध्ये आज सारखंच चित्र दिसतं. दर्शनी भाग जुना, मनोरा जुना, घंटाही जुनी. आत पाऊल टाकलं की चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल, डोक्यावर पीओपीचं फॉल्स सीलिंग, वेदीमागे ग्रॅनाइट नाहीतर सनमायकाची भिंत आणि तिच्या कडेने एलईडीची पट्टी. शिंपल्यांच्या तावदानांच्या जागी अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या आलेल्या. १९७० नंतर एकेका फादरांच्या काळात, एकेका देणगीदाराच्या हौसेने हे थर चढत गेले. आता बऱ्याच धर्मग्रामांत (पॅरिशमध्ये) 'जुनं रूप परत आणू या' अशी मागणी होते आणि पहिल्याच बैठकीत कुणीतरी फायबरच्या सोनेरी खांबांचा कॅटलॉग टेबलावर ठेवतं.

तो कॅटलॉग तेवढा बाजूला ठेवा. हे काम बहुतेक वजाबाकीचं आहे. चढवलेलं उतरवायचं, झाकलेलं उघडायचं, हलवलेलं शोधायचं, आणि त्यानंतर जे कमी वाटेल तेवढंच घालायचं. पुढे लिहिलेला क्रम याच समजुतीवर बेतलेला आहे.

आधी दोन वाद मिटवा

पहिला वाद परिषदेचा, म्हणजे १९६० च्या दशकात रोममध्ये भरलेल्या जगभरच्या बिशपांच्या सभेचा. 'दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने जुन्या वेद्या काढायला सांगितल्या' असं एक गट म्हणणार आणि 'परिषदेमुळेच सगळं बिघडलं' असं दुसरा. दोघांपुढे कागद ठेवा. उपासनेवरचा परिषदेचा दस्तऐवज ४ डिसेंबर १९६३ चा आहे. मौल्यवान वस्तू आणि कलाकृती विकल्या जाऊ नयेत, विखुरल्या जाऊ नयेत याची काळजी बिशपांनी घ्यावी, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. १९६४ च्या अंमलबजावणीच्या सूचनांत मुख्य वेदी भिंतीपासून सुटी असणं चांगलं, म्हणजे तिच्याभोवती फिरता येईल आणि लोकांकडे तोंड करून मिस्सा (चर्चची मुख्य उपासना) करता येईल, असं आहे. जुनी वेदी फोडा असं तिथे कुठेही नाही. उलट ११ एप्रिल १९७१ ला रोमहून सगळ्या बिशप परिषदांना परिपत्रक गेलं, त्यात उपासनेच्या सुधारणेचं निमित्त करून वारसा नष्ट केला जातो आहे अशी तक्रारच होती. म्हणजे जुनं रूप परत आणणं परिषदेच्या विरोधात जात नाही, आणि लोकांकडे तोंड केलेली वेदी हलवल्याशिवाय ते साधत नाही असंही नाही. हे सगळ्यांना मान्य होईपर्यंत पुढची बैठक घेऊ नका.

दुसरा वाद तुमच्याच इमारतीचा: ती मुळात होती कशी? प्रत्येक चर्चला बरोक, म्हणजे भरगच्च कोरीवकामाचं, रूप 'परत' देता येत नाही, कारण काहींना ते कधीच नव्हतं. दादरच्या साल्वेशन चर्चची पहिली इमारत सोळाव्या शतकातली होती. आजची वास्तू चार्ल्स कोरिया यांनी १९७० च्या दशकात रचली. ती आधुनिक आहे आणि आधुनिक म्हणूनच चांगली आहे. अशा वास्तूत सोनेरी कोरीवकाम आणून बसवणं ही तिची मोडतोडच. चर्च १९७५ चं असेल आणि साधं, नीट रचलेलं असेल, तर त्या साधेपणावर नंतर चढलेला पसारा काढा. तेवढं पुरतं.

पुरावा गोळा करा

धर्मग्रामाच्या कपाटात आराखडे सापडतील ही आशा फार धरू नका. खरा खजिना लोकांच्या घरी असतो. १९६५ च्या आधीचे लग्नाचे, पहिल्या कोमुन्योचे (पवित्र भाकर पहिल्यांदा घेण्याच्या विधीचे), सणाचे, अंत्यविधीचे फोटो मागवा. नवरा-नवरीच्या मागे बहुतेक वेळा मुख्य वेदी असतेच. मिस्सानंतर तसं आवाहन करा, फोटो तिथेच स्कॅन करून लगेच परत द्या, आणि प्रत्येक फोटोवर कुणाच्या घरचा, कोणत्या वर्षाचा हे लिहून ठेवा. एका फोटोत कोनाड्यांची रांग दिसेल, दुसऱ्यात वेदीच्या पायऱ्या, तिसऱ्यात पुल्पितचा (प्रवचनाच्या उंच चौथऱ्याचा) अर्धा कठडा. सगळे जोडून चित्र उभं राहतं.

मग इमारत धुंडाळा. साक्रिस्तीचा (फादरांच्या तयारीच्या खोलीचा) माळा, घंटेच्या मनोऱ्याचा तळमजला, क्वायरच्या जिन्याखालची खोली, शाळेचं गोदाम, दफनभूमीतलं छोटं चॅपेल. काढलेली वेदी क्वचितच जाळली जाते. तिचे तुकडे होऊन ते कुठेतरी कामाला लागलेले असतात. संगमरवरी वेदीफळी फादरांच्या घराची पायरी झालेली असते, वेदीपुढे गुडघे टेकायचा कोमुन्योचा कठडा बागेच्या कुंपणाला लागलेला असतो, कोरलेला खांब एखाद्या गावच्या क्रुसाशेजारी उभा असतो. वयस्कर सुतारांना आणि गवंड्यांना जरूर विचारा. कुठल्या प्लायवूडमागे काय राहून गेलं हे त्यांनाच आठवतं.

भिंतींचा पुरावा रंगात असतो. चार-पाच ठिकाणी, माणसाच्या हाताला सहज न लागणाऱ्या उंचीवर, धारदार सुरीने रंगाचे थर एकेक करून पायऱ्यांसारखे उघडायचे. प्रत्येक पायरी साधारण नाण्याएवढी पुरे. वर प्लॅस्टिक पेंट, खाली ऑइल पेंट, खाली डिस्टेंपर, सगळ्यांत खाली चुन्याचा हात. जुनी चर्च आतून पांढरीशुभ्रच असणार हा समज इथे बऱ्याचदा खोटा ठरतो. पिवळसर, निळसर, गेरूचे पट्टे, कधी भित्तिचित्राची कडा दिसते. चित्र दिसलं की सुरी खाली ठेवा आणि संवर्धकाला बोलवा.

परवानगी आणि माणसं

चर्चची दुरुस्ती ही कायद्याच्या दोन चौकटींत बसते. पहिली चर्चची. कॅनन (चर्चच्या कायद्याचं कलम) १२१६ प्रमाणे बांधकाम आणि दुरुस्तीला तज्ज्ञांचा सल्ला हवा. कॅनन ११८९ प्रमाणे जुन्या, कलेच्या किंवा भक्तीच्या दृष्टीने मोलाच्या मूर्तीच्या दुरुस्तीला बिशपांची लेखी परवानगी लागते. कलात्मक किंवा ऐतिहासिक मोलाची वस्तू विकायची झाली तर कॅनन १२९२ प्रमाणे रोमची परवानगीही लागते. म्हणून 'जुनी मूर्ती द्या, नवी मोठी फायबरची फुकट देतो' म्हणणारा कुणी दारात आला तर फादरांनाही हो म्हणायचा अधिकार नाही, हे समितीने त्यांना प्रेमाने सांगावं.

दुसरी चौकट देशाची. मुंबईत १९९५ पासून वारसा नियम आहेत. इमारत यादीत असेल तर वारसा संवर्धन समितीकडे जावं लागतं. केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र. तिथे दुरुस्तीलाही आधी अर्ज करावा लागतो. वसई किल्ल्याच्या किंवा जुन्या गोव्याच्या आसपास असाल तर हे आधी तपासा. शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतात आणि परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत. हस्तिदंती असतील तर वन्यजीव कायदाही लागू होतो.

पैशाबद्दल एक गोष्ट. आखातात नोकरी करणाऱ्या, भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी धरली जात नाही. कॅनडा-ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व घेतलेल्या त्याच्या भावाची मात्र धरली जाते आणि तिला एफसीआरएचं (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालचं) खातं लागतं. आवाहनाच्या पत्रकातच हे लिहा.

माणसं निवडताना लग्नाचे हॉल सजवणारा इंटिरियरवाला नको. संवर्धनाचा अनुभव असलेला वास्तुविशारद, एक स्ट्रक्चरल इंजिनियर, लाकूड आणि सोन्याच्या मुलाम्यासाठी संवर्धक, आणि चुन्यात काम केलेला गवंडी हवा. शेवटचा सगळ्यांत दुर्मीळ, म्हणून त्याची तारीख आधी घ्या. भायखळ्याच्या ग्लोरिया चर्चच्या जीर्णोद्धाराला २०१९ मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत गुणवत्तेचा पुरस्कार मिळाला. समितीने एक रविवार काढून ते चर्च पाहावं, आणि सजावट पाहताना जोडकामाकडे जास्त लक्ष द्यावं: रंग कुठे थांबतो, वायर कुठून जाते, पंखा कशाला टांगला आहे.

पाणी, मग बाकी सगळं

इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण धर्मग्रामांचे पैसे जिथे वाहून जातात ती जागा हीच. कोकणपट्टीत वर्षाला दोन ते तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तोही चार महिन्यांत. वेदीवर वर्ख चढवला आणि वरची पन्हळ फुटकी राहिली, तर पैसे पाण्यात गेले असंच समजा.

पहिल्या वर्षी फक्त छप्पर आणि गटार. कौलं उतरवून रिपा आणि वासे तपासा. वाशाचं टोक भिंतीत जिथे शिरतं तिथेच लाकूड आधी कुजतं, म्हणून तिथे पातळ स्क्रू-ड्रायव्हर टोचून पाहायचा. वळचणीचं पाणी भिंतीच्या पायाशी पडू नये म्हणून पन्हळी आणि उतार नीट करा. चर्चभोवती गेल्या काही वर्षांत पेव्हर ब्लॉक घातले असतील आणि त्यांनी अंगण आतल्या फरशीपेक्षा उंच केलं असेल, तर ओलीचं कारण बहुतेक तेच. भिंतीलगतची दोन-तीन फुटांची पट्टी उकरून तिथे खडी भरा, पाणी वाहून जाऊ द्या.

ओल जमिनीतून चढते की हवेतली भिंतीवर बसते हे कळायला सोपी चाचणी आहे. भिंतीवर प्लॅस्टिकचा हातभर तुकडा चारी कडा चिकटवून लावा आणि दोन दिवस थांबा. पाणी आतल्या बाजूला जमलं तर ओल भिंतीची, बाहेरच्या बाजूला जमलं तर हवेची. पहिलीला गिलावा आणि फरशीचा उपाय, दुसरीला खिडक्या उघडण्याचा.

छप्पर झाल्यावर एक अख्खा पावसाळा जाऊ द्या. लोक कुरकुर करतील. तरीही गिलाव्याला हात लावू नका. कुठे गळतं, कुठे पाझरतं हे जून ते सप्टेंबरच दाखवतात.

भिंती

जांभ्याच्या किंवा दगडाच्या जुन्या भिंतीत ओल असतेच, आणि चुन्याच्या गिलाव्यातून ती बाहेर पडत असते. १९८० नंतर कमरेपर्यंत सिमेंटचा गिलावा, त्यावर टाइल, त्यावर प्लॅस्टिक पेंट असे थर चढले. ओलीची वाट बंद झाली, ती आणखी वर चढली, आणि टाइलच्या वरच्या ओळीपाशी लोणा लागून रंगाचे पापुद्रे सुटू लागले. मग आणखी उंच टाइल. काही चर्चमध्ये ती खिडकीच्या उंबऱ्यापर्यंत पोचली आहे.

उपाय म्हणजे सिमेंट काढणं, पण हाताने, छिन्नीने. ब्रेकर लावला तर जांभ्याचा तोंडचा थरही त्याच्याबरोबर येतो. काही भागांत सिमेंट इतकं घट्ट असतं की काढताना दगड फुटतो. तिथे ते राहू द्या. उघडी झालेली भिंत काही महिने वाळू द्या, बाहेर येणारे क्षार कोरड्या ब्रशने झाडून गोळा करा आणि बाहेर टाका. भिंत धुवायची नाही, नाहीतर क्षार पुन्हा आत जातात.

नवा गिलावा चुन्याचा. चुनकळी पाण्यात भिजवून तयार केलेला चुना जितका मुरलेला तितका बरा. साधारण एक भाग चुना, तीन भाग धुतलेली वाळू, पातळ थरांत. प्रत्येक थर काही दिवस ओल्या गोणपाटाखाली ठेवायचा. चुना वाळून घट्ट होत नाही, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन होतो आणि त्यासाठी त्याला ओलावा लागतो. हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिलच्या उन्हात गिलावा तडकतो. शेवटी दुधासारख्या पातळ चुन्याचे चार-पाच हात, प्रत्येक वेळी भिंत ओलसर करून. दाट एक हात दिला तर तो पुढच्याच वर्षी भुकटी होऊन बाकांवर पडतो.

दगड उघडा ठेवायची फॅशन मात्र करू नका. जुन्या गोव्यातल्या बॉम जीझस बॅसिलिकाचा बाहेरचा गिलावा १९५० च्या दशकात बाल्ताझार कास्त्रो या पोर्तुगीज वास्तुविशारदाच्या देखरेखीखाली काढला गेला, जुनेपणा उठून दिसावा म्हणून. लोकांना आज ती लाल दगडी इमारतच 'मूळ' वाटते. पण जांभा पावसाला तोंड द्यायला बनलेला नाही. उघड्या पडलेल्या त्या दगडाची झीज हाच आता तिथल्या संवर्धनाचा मोठा प्रश्न आहे, आणि गिलावा परत चढवावा की नाही यावर वाद चालूच असतात. जीर्णोद्धाराच्या नावाखाली केलेली चूक सत्तर वर्षांनीही निस्तरावी लागते, याला दुसरा दाखला नको.

वेदी

आत येणाऱ्याचा डोळा दारातून सरळ वेदीवर जायला हवा. जुन्या चर्चची सगळी रचना यासाठी असते: मधली वाट, दोन्हीकडचे बाक, कमान, पायऱ्या, वेदी, तिच्यामागे आल्तारचं, म्हणजे वेदीमागच्या उंच चौकटीचं, कोरीवकाम, आणि मध्यभागी पवित्र साक्रामेंताची (अभिषिक्त भाकर ठेवायची) पेटी. आधुनिकीकरणात ही रेषा मोडली. पेटी कोपऱ्यात गेली, मध्यभागी फादरांची मोठी खुर्ची आली, आणि वर प्रोजेक्टरचा पडदा. रेषा परत मिळाली की अर्धं सौंदर्य परत येतं, एक रुपयाचं सोनं न लावता.

तुमची परिस्थिती पुढच्या तीनपैकी एक असेल.

जुनं आल्तार जागेवर आहे, पण झाकलं आहे किंवा रंगवलं आहे: भाग्यवान आहात. प्लायवूड, पडदा, थर्मोकोल काढा. पुढची, लोकांकडे तोंड केलेली वेदी ठेवा, पण जुन्याला शोभेल अशी करा. मिस्साविषयीच्या रोमच्या सर्वसाधारण सूचनांत अशा जागेसाठी हीच वाट सांगितली आहे: जुनी वेदी हलवल्याने कलेचं नुकसान होत असेल तर पुढे दुसरी पक्की वेदी उभारा आणि तिच्यावरच मिस्सा करा. याच्यासोबत एक अट आहे जी सहसा कुणी पाळत नाही: मग जुन्या वेदीला वेगळी सजावट करायची नाही. दोन्ही वेद्यांवर चादरी आणि फुलं आली की लक्ष दोन जागी वाटलं जातं. साक्रामेंताची पेटी मात्र जुन्या वेदीवर ठेवता येते, बिशपांच्या संमतीने. आणि ती जागा बहुतेक वेळा सर्वांत योग्य असते.

जुन्या आल्तारचे तुकडे सापडले आहेत: सगळे मोजून, आकडे घालून, फोटोंशी ताडून जमिनीवर मांडा. सत्तर टक्के मिळाले तर उरलेलं सागवानात नव्याने कोरून जोडता येतं. नवा भाग जवळून पाहिल्यावर नवा म्हणून ओळखू यावा, लांबून खटकू नये. तीसच टक्के असतील तर तुकड्यांचं खोटं आल्तार बनवू नका. कोनाडे, मधली चौकट, क्रूस असे अस्सल भाग स्वतंत्रपणे सन्मानाने बसवा.

काहीच उरलेलं नाही: इथे मोह सर्वांत जास्त. फायबरमध्ये ओतलेलं 'गोवन' आल्तार तीन महिन्यांत उभं राहतं आणि तीन पावसाळ्यांत त्याचे सांधे उघडून कळा जाते. त्यापेक्षा साध्या सागवानी चौकटीत एक चांगला, माणसाच्या मापाहून थोडा मोठा क्रूस, मागे चुन्याची एकरंगी भिंत, आणि दोन बाजूंना दोन मूर्ती. जुन्या फोटोतली उंची आणि रुंदी तेवढी पाळा. प्रमाण बरोबर असेल तर नक्षी नसली तरी डोळा समाधानी होतो.

पुढची वेदी दगडाची असावी ही परंपरा. बिशप परिषदेने मान्य केलेलं दुसरं भक्कम साहित्यही चालतं. उंची ९५ सेंटिमीटर ते एक मीटर, भोवती धूप घेऊन फिरता येईल इतकी जागा. सध्याची वेदी बिशपांनी अभिषेक केलेली असेल तर ती परस्पर हलवू किंवा फोडू नका, आधी धर्मप्रांताच्या उपासना समितीला विचारा. ठरवण्याआधी प्लायवूडची पूर्ण मापाची प्रतिकृती करून महिनाभर तिथे ठेवा आणि तिच्यावरून शेवटच्या बाकापर्यंत काय दिसतं ते बघा. कागदावरच्या थ्रीडी चित्राने झालेली भांडणं या प्रतिकृतीने मिटतात.

कोमुन्योचा कठडा परत बसवायचा का, यावर लोक तावातावाने बोलतात. कठड्यावर बंदी कधीच नव्हती. पण कोमुन्यो कसा घ्यायचा हे धर्मप्रांताच्या नियमांवर ठरतं, कठड्यावर नाही. जुना कठडा सापडला असेल तर वेदीच्या जागेची हद्द म्हणून तो सुंदर दिसतो, मध्ये मोठी वाट ठेवून बसवा. सापडला नसेल तर नव्यासाठी पैसे जमवायची घाई नको.

लाकूड, सोनं, मूर्ती

गोव्याच्या कारागिरांनी कोरलेलं जुनं आल्तार बहुतेक सागाचं असतं. लाकडावर सरस, त्यावर खडू आणि सरसाचा पांढरा थर, त्यावर तांबडी माती, त्यावर सोन्याचा वर्ख, आणि तो अकीक दगडाने घोटलेला. यातला प्रत्येक थर पाण्यात विरघळणाऱ्या सरसावर उभा आहे. म्हणून सणाच्या आधी स्वयंसेवक बादल्या आणि फडकी घेऊन वेदी 'चकाचक' करायला येतात तेव्हा त्यांना दारातच अडवा. ओलं फडकं, साबण, लिंबू, चिंच, रॉकेल, सगळं वर्ज्य. मऊ कोरडा ब्रश आणि हातात धरलेला व्हॅक्यूम, त्याच्या तोंडावर मलमलीचा तुकडा, एवढंच बिनतज्ज्ञ हातांनी करावं.

खरं सोनं काळं पडत नाही. काळपट किंवा हिरवट झालेली 'सोनेरी' वेदी म्हणजे वर कुणीतरी पितळी भुकटीचा रंग मारला आहे. त्याच्याखाली मूळ वर्ख अजून असू शकतो. तो उघडायचं काम मात्र संवर्धकाचं, इंचाइंचाने. पैसे कमी असतील तर फक्त मधला कोनाडा उघडून घ्या, बाकीचं पुढच्या वर्षी. संपूर्ण आल्तारवर पुन्हा सोनेरी पेंट मारणं हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत वाईट पर्याय.

कीड लागली आहे का हे पाहायला लाकडाखाली काळा कागद पसरून ठेवा. आठवड्याने ताजा पिवळसर भुसा पडलेला दिसला तर भुंगा जिवंत आहे. जुनीच भोकं असतील पण भुसा नसेल तर घाबरू नका. वाळवी जमिनीतून येते, म्हणून आल्तारचा पाया ओल्या फरशीला टेकलेला असेल तर आधी तो दगडी ठोकळ्यांवर उचला.

मूर्तींना एनॅमल मारू नका. संत आंतोनच्या गालावर सहा थरांचा गुलाबी रंग चढलेला असतो आणि कोरलेल्या पापण्या त्याखाली बुडलेल्या असतात. ते थर उतरवल्यावर चेहरा वेगळाच दिसेल, लोकांना चुकल्यासारखं वाटेल, कुणी म्हणेल हा आमचा संत नव्हे. म्हणून एक मूर्ती आधी करा, तिचे आधीचे आणि नंतरचे फोटो दारात लावा. एकाच संताच्या एकाहून जास्त प्रतिमा चर्चमध्ये नसाव्यात अशीही सूचना आहे. भेट म्हणून आलेल्या पाच मरियामाता मूर्तींचं काय करायचं हा प्रश्न फादरांवर सोडा, समितीने त्यात पडू नये. त्या घराण्यांची माणसं पुढच्याच बाकावर बसतात.

फरशी आणि छत

व्हिट्रिफाइड टाइल काढण्याआधी एका कोपऱ्यात, बाकाखाली, दोन टाइल उचलून पाहा. खाली शहाबादी, नक्षीची सिमेंट टाइल किंवा जुने समाधीचे दगड असू शकतात. समाधी निघाली तर काम थांबवा आणि धर्मप्रांताला कळवा. नक्षीच्या टाइल तुटल्या असतील तर मुंबईत १९२२ पासून तशाच टाइल बनवणारी भारत फ्लोरिंग्ज आहे, नमुना देऊन तुकडे जुळवून घेता येतात. टाइल काढण्याचा एक फायदा भिंतींना होतो: जमिनीतली ओल फरशीभर पसरून उडते, भिंतीच्या कडेला गोळा होत नाही.

फॉल्स सीलिंग काढताना वर वटवाघळं, जुन्या उघड्या वायरी आणि कुजलेले वासे निघणार हे धरून चाला. आधी वायरमन, मग सुतार, मग झाडू. उंची परत मिळाली की उकाडाही कमी होतो.

उजेड, पंखे, आवाज

दिव्यांसाठी एकच आकडा लक्षात ठेवा: २७०० ते ३००० केल्विन. त्याहून पांढऱ्या उजेडात सोनं फिकट आणि चुना हॉस्पिटलसारखा दिसतो. रंग अचूक दाखवण्याचा निर्देशांक ९० च्या वर असलेले दिवे घ्या. दिवा दिसू नये, उजेड दिसावा. वेदी, मधला भाग, बाजूच्या वेद्या यांची बटणं वेगळी हवीत, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रात्री अंधारातून मेणबत्त्यांकडे जाताना कुणाला धावपळ करावी लागणार नाही. रंग बदलणाऱ्या पट्ट्या काढून शाळेच्या स्नेहसंमेलनाला देऊन टाका.

एसी शक्यतो नको. आठवडाभर दमट आणि रविवारी तीन तास कोरडं, या चढउतारात लाकूड फुगतं-आकसतं आणि वर्खाखालचा थर सुटतो. लांब दांड्यांचे पंखे पुरतात. आवाजासाठी वेदीजवळचे दोन मोठे स्पीकर काढून खांबांच्या कडेने बारीक उभे स्पीकर लावा. चुन्याच्या भिंतींत आवाज घुमतो, म्हणून प्रवचनाचा आवाज कमी ठेवून जास्त ठिकाणांहून यायला हवा. क्वायरला तोच घुमारा आवडेल.

वेळापत्रक आणि नोंद

एकंदर तीन वर्षं धरा. पहिलं छप्पर आणि पाणी, दुसरं भिंती आणि फरशी, तिसरं वेदी आणि दिवे. लाकडाचं संवर्धन दुसऱ्या वर्षीच कार्यशाळेत सुरू करता येतं. पवित्र आठवडा, मुख्य सण आणि लग्नाचा मोसम मोकळा ठेवा. प्रायश्चित्तकाळात (ईस्टरच्या आधीच्या उपवासाच्या दिवसांत) लग्नं नसतात, तेव्हा परांची उभारलेली चालते. देणगीदारांच्या पाट्या भिंतीवर नकोत, दाराशी एक वही ठेवा. वर्खासाठी नाव द्यायला रांग लागते, पन्हळीसाठी कुणी येत नाही, म्हणून पावत्या 'जीर्णोद्धार निधी' या एकाच नावाने फाडा.

काम संपल्यावर कोणत्या भिंतीला कोणता चुना, कुठल्या रंगाचा कोणता थर, कोणता भाग नवा कोरलेला, वायर कुठून गेली, हे सगळं फोटोंसह एका फाइलमध्ये बांधा. एक प्रत साक्रिस्तीत, एक फादरांच्या घरी, एक धर्मप्रांताच्या कार्यालयात. तीच फाइल दरवर्षी मे महिन्यात उघडायची: पन्हळ साफ केली का, कौल सरकलं का, काळ्या कागदावर भुसा पडला का. नवे फादर बदलून आले की पहिल्या आठवड्यातच ती त्यांच्या हातात द्यायची, टाइलवाला त्यांना भेटायच्या आत.